सासूबाई जोनच्या पार्टीत, मी ॲनीच्या

प्रिय मावशी,

माझं वय ४४. लग्नानंतरची सोळा वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला गेली. सासूबाई (वय ७६) साताऱ्याहून अधूनमधून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे येतात. या खेपेला नेमका हिवाळा सापडला. बर्फामुळे त्यांचं फिरणं बंद, ओक ट्री रोडवर भाजीला जाणंही बंद. म्हणून शुक्रवारी रात्री सगळ्यांनी मिळून 'द सेलिब्रिटी अप्रेंटिस' या अमेरिकन टीव्हीवरच्या स्पर्धेचे जुने सीझन बघायला घेतले. सासूबाईंना बोललेलं इंग्रजी पटकन कळत नाही. माझी तेरा वर्षांची लेक शेजारी बसून त्यांना भराभर मराठीत सांगते.

पहिला सीझन हसतखेळत गेला. दुसऱ्यात, म्हणजे २००९च्या, विनोदी कलाकार जोन रिव्हर्स आणि पोकर खेळणारी ॲनी ड्यूक आल्या आणि घरात दोन पार्ट्या पडल्या. सासूबाई जोनच्या, मी ॲनीच्या. आधी गंमतच होती. मग जोनची मुलगी मेलिसा हिला काढलं तो भाग आला. सासूबाई म्हणाल्या, "बघ, म्हाताऱ्या बाईला दोघीतिघी मिळून कशा छळतात. लेकीलासुद्धा हाकललं." मी म्हणाले, "म्हातारी असली म्हणून काहीही बोलायचं का? झेपत नसेल तर घरी बसावं."

त्या काही बोलल्या नाहीत. पण तेव्हापासून साडेआठलाच "मला झोप येते" म्हणून खोलीत जातात. दोन शुक्रवार टीव्ही बंद. परवा त्यांनी मुलाला विचारलं, परतीचं तिकीट अलीकडचं मिळेल का. नवरा म्हणतो, टीव्हीवरून कसली भांडता, मोठ्या व्हा दोघी. मी त्यांना एक शब्द बोललेले नाही हो, मी जोनबद्दल बोलत होते! दोन प्रश्न आहेत. चूक माझी आहे का? आणि ती जोन खरंच वाईट वागत नव्हती का?

– एक सून, एडिसन

प्रिय सूनबाई,

(नाव दिलं नाहीत, म्हणून हेच चालवून घ्या.)

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. एक तर तो सोपा आहे, आणि दुसरं म्हणजे मला त्यावर बोलायची फार हौस आहे. तो सीझन मीही पाहिलाय, आणि मीही ॲनीच्याच पार्टीत होते.

त्या खेळाचा हिशेब सरळ आहे. दोन गट, प्रत्येक टास्कला एक प्रोजेक्ट मॅनेजर, हरलेल्या गटातून एकाला डच्चू. खेळणारे सगळे नावाजलेले, पण पैसा त्यांच्या खिशात जात नाही. आपण निवडलेल्या संस्थेला जातो. जिंकलेल्या प्रोजेक्ट मॅनेजरच्या संस्थेला साधारण २० हजार डॉलर, शेवटच्या विजेत्याच्या संस्थेला अडीच लाख. ॲनी ही पोकर खेळणारी. मानसशास्त्रात पीएचडी करता करता पत्त्यांकडे वळलेली, २००४ मध्ये पोकरच्या जागतिक मालिकेतलं सोन्याचं ब्रेसलेट जिंकलेली. तिने पहिल्या दिवसापासून ओळखलं की इथे पैसा जमवायचाय. मग तिने आपल्या पोकरवाल्या मित्रांना फोन लावले आणि धनादेश यायला लागले. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी ती खेळत होती. आवाज न चढवता, पाठ ताठ ठेवून, ओठांवर किंचित हसू आणून ती बोलायची. खेळ म्हणून बघितलं तर तिच्यात खोट काढायला जागा कमी.

जोनबाईंच्या जिभेला मात्र हाड नव्हतं. तुझ्या लोकांच्या पैशाला रक्त लागलंय, त्यांना धड आडनावंही नसतात, अशा अर्थाचं त्या ॲनीला तोंडावर बोलल्या. पोकर खेळणाऱ्यांची सबंध जमातच हलकी ठरवून मोकळ्या झाल्या. एकदा तर थेट हिटलरपर्यंत गेल्या. तेव्हा हो, बोलणं वाईट होतं. यात मी सासूबाईंची बाजू घेणार नाही. वय ७५ आहे म्हणून एखादीच्या धंद्यावरून तिची लाज काढायचा परवाना मिळत नाही.

झालं तुमचं समाधान? आता थोडं सावरून बसा.

पत्रात तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहून टाकलंय. "माझी तेरा वर्षांची लेक शेजारी बसून त्यांना भराभर मराठीत सांगते." मी ते तीनदा वाचलं. मला सांगा, जोनने पोकरवाल्यांना जे म्हटलं ते तुमच्या लेकीने आजीला कोणत्या मराठीत सांगितलं? आणि मेलिसा बाहेर पडताना जे ओरडली, ज्यातलं बरंचसं वाहिनीने बीप करून झाकलं होतं, ते?

मी पैज लावते की तिने सांगितलंच नाही. तेरा वर्षांची शहाणी मुलगी आजीपुढे असलं काही उच्चारत नाही. "आजी, ती म्हणतेय, तू चांगली नाहीस." बस, विषय संपला. इकडे ॲनीचं बोलणं साफ, सुटसुटीत, एकही बीप नसलेलं. ते पोरीने शब्द न शब्द उतरवलं असणार, कारण त्यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं. "ती म्हणतेय, जोनला हा खेळ कळत नाही. ती म्हणतेय, मेलिसा काम करत नाही." म्हणजे सासूबाईंच्या कानावर काय पडलं? एक बाई सारखी उणीदुणी काढतेय आणि दुसरी नुसती "तू चांगली नाहीस" म्हणून रडकुंडीला येतेय. वर पडद्यावर काय दिसतंय? एक पाऊण शतकाची, चणीने लहान, चिडून थरथरणारी बाई. समोर चाळिशीतली एक, शांत बसून हसणारी. आपल्याकडच्या पन्नास वर्षांच्या मालिकांनी आणि त्याआधीच्या सिनेमांनी सासूबाईंना एवढं पक्कं शिकवलंय की भांडणात जी हसते ती खलनायिका.

तेव्हा सूनबाई, तुम्ही दोघी एका सोफ्यावर बसून एक कार्यक्रम बघतच नव्हता. तुम्ही बघत होता एनबीसी वाहिनीचा, सासूबाई बघत होत्या नातीचा. आणि नातीच्या कार्यक्रमात जोन बिचारीच होती.

पोरीला यावरून काही बोलू नका हं. तिने तेच केलं जे त्या कार्यक्रमाचे एडिटर पगार घेऊन करत होते. थोडं आत जाऊन सांगते, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे.

टास्क एक-दोन दिवस चाले. सोळा माणसांमागे कॅमेरे. कुणाला काढायचं ते जिथे ठरतं त्या बोर्डरूममधली खडाजंगी तासन्‌तास. त्यातून २००९ साली रविवार रात्रीचे दोन तास भरायचे, त्यातही जाहिराती वजा. मधे मधे माणूस एकटा बसून कॅमेऱ्याशी बोलताना दिसतो ना, "मला तिचा इतका राग आला" वगैरे? ते घटना घडून गेल्यावर, प्रश्न विचारून काढून घेतलेलं असतं. बोलायला लावतात मात्र आत्ता घडत असल्यासारखं. प्रश्न कापला जातो, उत्तर राहतं. कधी दोन वेगळ्या वाक्यांचे तुकडे जोडून एक वाक्य तयार होतं. या धंद्यात त्याला 'फ्रँकनबाइट' म्हणतात; प्रेतांचे अवयव जोडून केलेल्या त्या राक्षसावरून नाव पडलंय.

त्यात या कार्यक्रमाची एक खास अडचण होती. कुणाला काढायचं हे डोनाल्ड ट्रम्प ठरवत. (तेव्हा ते फक्त इमारतींचे मालक आणि टीव्हीवरचे बॉस. पुढचं राजकारण या सदरात नको. माझ्या घरात ते पुरेसं होतं.) आणि त्यांची कारणं टास्कशी जुळतीलच असं नसे. तुम्हीच पाहिलंत की, त्याच सीझनमध्ये क्लोई कार्दाशियनला काढलं ते दारू पिऊन गाडी चालवण्याच्या जुन्या प्रकरणावरून. त्यासाठीच्या सक्तीच्या वर्गाला ती टास्क सोडून गेली होती, हे कळल्यावर बॉसने तिथल्या तिथे निकाल लावला. पुढे २०१३च्या सीझनमध्ये माजी बास्केटबॉलपटू डेनिस रॉडमनला काढलं, कारण त्याच्या गटाने जाहिरातीत मेलानिया ट्रम्प यांच्या नावाचं स्पेलिंग चुकवलं. ही कारणं निदान पडद्यावर दिसली. जी दिसण्यासारखी नव्हती, त्यांच्याबद्दल त्या कार्यक्रमात काम केलेल्या एडिटरांनी पुढे मुलाखतींत सांगितलंय. निकाल आधी लागायचा, मग आम्ही मागे जाऊन चित्रीकरणात ती व्यक्ती काढण्याच्याच लायकीची कशी होती ते शोधायचो. निकाल आधी, पुरावा मागून.

मेलिसाला काढलं तो भाग या नजरेने पुन्हा आठवा. तासाभरात आपलं मत तिच्याविरुद्ध कसं हळूहळू तयार होत गेलं होतं! निकाल लागला तेव्हा तुम्हाला "बरोबरच" वाटलं, सासूबाईंना "अन्याय" वाटला. गंमत म्हणजे, अन्यायाचा वास आला तो इंग्रजी न कळणाऱ्या बाईला. मी असं म्हणत नाही की त्यांचं बरोबर होतं. पण शब्द कळत नसले की माणूस चेहरे बघतो, आणि चेहऱ्यांना कात्री लावणं शब्दांपेक्षा अवघड.

आता बिग बॉस मराठीची आठवण काढते. साताऱ्यात राहून सासूबाईंनी तो पाहिलाच असणार. २०२४ मध्ये सूरज चव्हाण जिंकला तेव्हा तिकडच्या घराघरात काय चाललं होतं, मी ऐकलंय. तिथे प्रेक्षकाला राग आला, कळवळा आला, तर तो मत देतो. फोन उचलतो, बटण दाबतो, शेजारणीलाही दाबायला लावतो. चिडण्याला वाट असते. अप्रेंटिसमध्ये आपलं मत कुणी विचारतच नाही. बॉस ठरवणार, आपण बघणार. त्यातून तुम्ही बघताय तो खेळ पंधराएक वर्षांपूर्वी संपलेला. जोनबाई ४ सप्टेंबर २०१४ला वारल्या. एक गोष्ट मला अजूनही चटका लावते. २०१४च्या सुरुवातीला चित्रित झालेला एक सीझन जानेवारी २०१५ मध्ये दाखवला. त्यात त्या बॉसच्या शेजारी सल्लागार म्हणून बसलेल्या दिसतात, टोमणे मारतात, खळाळून हसतात. जाऊन चार महिने झालेले. म्हणजे तुम्ही आणि सासूबाई पाहुण्यांच्या पंगतीची पत्रावळ उचलून झाल्यावर वाढप्याशी भांडताय.

मत द्यायला पेटी नाही, म्हणून मत सोफ्यावरच पडतं. बाजूला बसलेल्या माणसावर.

आणि आता तुमचा पहिला प्रश्न. "मी त्यांना एक शब्द बोललेले नाही, मी जोनबद्दल बोलत होते."

लेकी बोले सुने लागे, ही म्हण तुम्हाला मी शिकवायला नको. तुम्ही तिचा उलटा प्रयोग केलात: सून बोलली आणि सासूला लागलं. मुद्दाम केला नाहीत, यावर माझा विश्वास आहे. पण वाक्य एकदा परत वाचा. पहिला अर्धा, "म्हातारी असली म्हणून काहीही बोलायचं का?", हा जोनबद्दल आहे. त्यावर वाद घालता येतो, सासूबाईंनी घातलाही असता. दुसरा अर्धा, "झेपत नसेल तर घरी बसावं", हा जोनबद्दल उरत नाही. कारण त्या खोलीत घरी बसलेली बाई एकच होती. बर्फ पडलंय म्हणून बाहेर जाता येत नाही, गाडी चालवता येत नाही, आजारी पडलं तर विमा पुरेल की नाही या धास्तीने शिंकसुद्धा दाबून देणारी, रिमोटवरचं कोणतं बटण दाबायचं ते नातीला विचारणारी. त्या घरीच बसल्यात, सूनबाई. चार महिने.

त्यांना जोनची बाजू का घ्यावीशी वाटली, याचा उलगडा मी पत्रातून करू जाणार नाही. तो माझा उद्योग नाही, आणि दर भांडणामागे काहीतरी खोल दुखणं शोधायची जी फॅशन आलीय तिचा मला कंटाळा आहे. कदाचित त्यांना जोनचे दागिने आवडले असतील. पण जोनबाईंची हकिगत त्यांच्या कानावर घालायला हरकत नाही, कारण ती टीव्हीवर धड येत नाही आणि नातीला माहीत असायचं कारण नाही. १९८६ मध्ये नव्याने निघालेल्या फॉक्स वाहिनीवर या बाईला स्वतःचा रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम मिळाला. तोवर असले कार्यक्रम पुरुषांचे. एनबीसीवर असाच कार्यक्रम करणाऱ्या आणि तिला वर आणणाऱ्या जॉनी कार्सनला हे इतकं झोंबलं की तो पुन्हा कधी तिच्याशी बोलला नाही. १९८७ मध्ये कार्यक्रम तिच्या हातून गेला आणि त्याच वर्षी नवऱ्याने आत्महत्या केली. पदरी मुलगी. तिथून ती टीव्हीवर खोट्या दागिन्यांची विक्री करत उभी राहिली आणि पंच्याहत्तरीत या खेळात उतरली, ते न्यूयॉर्कमध्ये आजारी माणसांना घरपोच जेवणाचे डबे पोचवणाऱ्या संस्थेसाठी. एड्सच्या रुग्णांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्या काळात, १९८५ मध्ये सुरू झालेलं काम ते. म्हणून मेलिसाला काढल्यावर ती उठून लेकीच्या मागोमाग निघून गेली, तेव्हा मला तिचा राग आला नाही. (पुढच्या भागात परत आली, ते बघायचंय तुमचं अजून.) ॲनीला बोललेलं मात्र मी अजूनही माफ केलेलं नाही. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात सुखाने नांदतात.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी विचारते. रॉडमन तुमच्या या २००९च्या सीझनमध्येही होता; त्यात त्याला काढलं तो भाग बघताना तुमच्या घरात कोण काय म्हणालं? गड्याचं पिणं सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं होतं, गटातले लोक त्याला समजावत होते, आणि कार्यक्रम त्यातूनही करमणूक काढत होता. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले होते. माझी आई शेजारी होती. ती म्हणाली, "याला कुणी घरी न्या रे." मी एवढी खजील झाले की तो भाग पुन्हा कधी पाहिला नाही. म्हाताऱ्या माणसांना या कार्यक्रमातलं काही गोष्टींत आपल्यापेक्षा जास्त दिसतं, काहींत अजिबात दिसत नाही.

बरं, आता करायचं काय.

माफी मागायची, पण अर्ध्याच वाक्याची. हे महत्त्वाचं आहे, कारण तुम्ही जर सगळ्याचीच माफी मागितलीत, "जाऊ दे आई, जोनच बरोबर होती", तर ते खोटं होईल आणि सासूबाईंना ते लगेच कळेल. सासवांना कळतं. वर त्यांना वाटेल की मला लहान मुलासारखं चुचकारतायत. तिकीट अलीकडचं मागणाऱ्या बाईला चुचकारू नका. दुपारी घरात दोघीच असताना, चहा टाकताना, पाठमोऱ्या असताना बोललात तरी चालेल: "आई, त्या दिवशी मी 'घरी बसावं' म्हणाले, ते मी म्हणायला नको होतं. ते चुकलं." एवढंच. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर" नको. तो 'तर' घातला की माफी त्यांच्या मनाच्या नाजूकपणावर जाऊन बसते. "मी तुमच्याबद्दल बोलत नव्हते" हेही नको. ते खरं असलं तरी त्या क्षणी वकिली वाटेल. त्या बहुधा म्हणतील, "अगं, मी कुठं मनाला लावून घेतलंय." म्हणू द्या. चहात आलं घाला.

मग दोन-तीन दिवसांनी, माफीच्या दिवशी नव्हे, लेकीला घेऊन बसा आणि हसत हसत विचारा, "तू आजीला जोनचं सगळं सांगत होतीस का गं?" ती लाल होईल. मग सासूबाईंना सांगा की तुमची नात गाळणी लावून बसली होती. जोन नक्की काय बोलली त्याचा गोषवारा तुम्हीच द्या, पोरीच्या तोंडून वदवू नका. शब्द न शब्द सांगायचीही गरज नाही. साताऱ्याच्या बाईला शिव्यांचं वावडं असेल असं समजू नका, कदाचित त्याच तुम्हाला योग्य प्रतिशब्द सुचवतील. त्यानंतरही त्या जोनच्याच पार्टीत राहिल्या तर राहू द्या. माझा अंदाज, राहतील. पार्टी अशी पुराव्याने बदलत नाही.

तुमच्या यजमानांना एक निरोप. बोर्डरूममध्ये बॉसच्या दोन्ही बाजूंना त्यांची मुलं बसलेली असत, आठवतंय ना? निकाल दुसऱ्याचा, आपण मान डोलवायची, मधे एखादं वाक्य टाकायचं. "मोठ्या व्हा दोघी" हे तसलंच वाक्य आहे. एका बाजूला आई, एका बाजूला बायको, आणि स्वतः फोनमध्ये. तिकिटाचं आईने विचारलं, तेव्हा "बघतो" म्हणाले असतील ना? बघू नका म्हणावं. आईला विचारा, "का गं जायचंय लवकर?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. त्याला वेळ लागेल. जायचंच असेल तर सन्मानाने तिकीट काढा. साताऱ्यात त्यांचं घर आहे, मैत्रिणी आहेत, हळदीकुंकवाची निमंत्रणं चुकतायत, कंटाळाही खरा असू शकतो. पण ते तिकीट एका टीव्हीवरच्या वाक्यावर निघू नये.

बर्फ वितळलं की त्यांना एक दिवस न्यूयॉर्कला न्या. मेट्रोपार्कहून गाडी पकडली की पेन स्टेशन, तिथून फिफ्थ ॲव्हेन्यू. ५६व्या आणि ५७व्या रस्त्यांच्या मधली ती काळी काचेची इमारत, जिच्यात ती बोर्डरूम होती. ती काही खरी कचेरी नव्हती, कार्यक्रमासाठी इमारतीतच उभारलेला सेट होता. खालचं गुलाबी संगमरवराचं दालन आणि धबधबा लोकांना बघता येतो. सासूबाईंना दाखवा आणि सांगा, ते दार, ती लिफ्ट, सगळं मांडलेलं होतं. त्यांना आवडेल. माझ्या ओळखीच्या एका आजींना मालिकेतला वाडा हा फळ्यांचा आहे कळल्यावर दोन दिवस इतका आनंद झाला होता की विचारू नका, "म्हणजे ती सून खरी तशी नाही तर!" म्हणत होत्या.

राहिले पुढचे शुक्रवार. हा सीझन संपला की २०११चा लावा असं सुचवते. त्यात मार्ली मॅटलिन आहे, ऑस्कर मिळवलेली अभिनेत्री, जिला ऐकू येत नाही. तिच्यासाठी एक दुभाषा सतत शेजारी असतो, तो तिच्या खुणा बोलून दाखवतो. भाषांतरावर जगणं म्हणजे काय, हे त्यात तुमच्या लेकीलाही दिसेल आणि आजीलाही. तिने एकाच टास्कमध्ये आपल्या संस्थेसाठी जवळपास दहा लाख डॉलर उभे केले, तो भाग तर चुकवूच नका. शिवाय त्याच सीझनमध्ये मीट लोफ नावाचा धिप्पाड गायक रंगाच्या डब्यांवरून असा काही भडकतो की घरातल्यांना खोकला येईपर्यंत हसू येईल: माझे रंग चोरले म्हणून दुसऱ्यावर धावून जातो, आणि रंग त्याच्याच सामानात सापडतात. चष्मा डोक्यावर ठेवून घर डोक्यावर घेणारा माणूस आपल्या प्रत्येक घरात एक असतो. तुमच्याकडे कोण आहे ते तुम्हाला ठाऊक.

पण आधी हा सीझन संपवा, आणि चौघांनी बसून संपवा. शेवट तुम्हाला बहुतेक माहीत असेल. सासूबाईंना सांगू नका. अंतिम लढत ॲनी आणि जोन यांच्यातच आहे. पैसे ॲनीने जास्त जमवले. जिंकली जोन. तो भाग प्रक्षेपित झाला १० मे २००९ला, आणि त्या दिवशी अमेरिकेत मदर्स डे होता. हा योगायोग होता की वाहिनीचं कॅलेंडर, तुम्हीच ठरवा. त्या रात्री सासूबाई तुमच्याकडे एकदा बघतील. तेव्हा पैशांचा हिशेब काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी काढा हवा तर, मी आहे तुमच्या बाजूने.

आणि लेकीला सांगून ठेवा: बीप आला, की आजीला "बीप" असंच सांगायचं.

– मावशी